कमी व्होल्ट, जास्त वेग!



गेल्या मे महिन्यातील गोष्ट. आमचे गाव खानदेशात. मे महिन्यात येथे बाहेर ४४ अंश सेल्सिअस तापमान असले तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. अशाच एका दुपारी शेजारचा मुलगा माझ्याकडे आला. आमच्याच महाविद्यालयात त्याने नुकतीच अकरावीची परीक्षा दिली होती. चेहरा पार उतरलेला.

"सर, संगणक बिघडवला मी. ताईची फाईल गेली."

त्यांच्या घरी एकच संगणक आहे. आईच्या भिशीचे पैसे आणि वडिलांचा बोनस यांतून सुटे भाग आणून त्याने तो स्वतः जुळवलेला. दिवसा त्यावर त्याची बहीण पदविकेच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्पाचे आराखडे काढते आणि रात्री हा खेळ खेळतो. हिवाळ्यात सारे सुरळीत चालले होते. उन्हाळा लागला तसा खेळ सुरुवातीला दहा मिनिटे झकास चाले आणि मग अडखळू लागे. एका मित्राने सांगितले, "ट्यूनिंगचे सॉफ्टवेअर टाक आणि सगळ्या पट्ट्या उजवीकडे सरकव, वेग वाढेल." याने तसे केले. दोन दिवस संगणक खरोखरच वेगाने धावल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी ताई आराखडा साठवत असतानाच पडदा गोठला. बटण दाबून संगणक बंद करावा लागला आणि पुन्हा सुरू केल्यावर ती फाईल उघडेचना. प्रकल्प सादर करायला आठ दिवस उरले होते.

"सर, ते सॉफ्टवेअरच वाईट आहे का?"

मी म्हणालो, "नाही रे. तू जे सांगितलेस तेच त्याने केले. काय सांगायचे ते आपण आधी समजून घ्यायला हवे होते."

ताईच्या पेनड्राइव्हवर आराखड्याची चार दिवसांपूर्वीची प्रत होती म्हणून बरे. चार दिवसांचे काम तिने पुन्हा केले. पण संगणक अडखळतो का, हा प्रश्न तसाच होता. तो आम्ही भौतिकशास्त्राचा प्रश्न म्हणून सोडवला. कसा, ते तुम्हांला सांगतो.

घड्याळ आणि घागरी

संगणकातील प्रोसेसर काय किंवा ग्राफिक्स कार्डावरील चिप काय, दोन्ही अब्जावधी सूक्ष्म ट्रान्झिस्टरांची बनलेली असतात. ट्रान्झिस्टर हा एक विजेचा खटका समजा. हे सारे खटके एका तालावर उघडझाप करतात. हा ताल ठरवते ते चिपचे घड्याळ. घड्याळाची वारंवारता १८०० मेगाहर्ट्झ आहे म्हणजे ते सेकंदाला १८० कोटी ठोके देते. दोन ठोक्यांमधील वेळ इतका अल्प असतो, की तेवढ्या वेळात प्रकाशदेखील जेमतेम १७ सेंटिमीटर अंतर जातो!

या एवढ्याशा वेळात प्रत्येक खटक्याला आपले काम पुरे करावे लागते. हे काम म्हणजे काय? नळावर घागरी भरण्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाने घंटा वाजायच्या आत आपली घागर खुणेपर्यंत भरायची. खुणेपर्यंत भरली तर '१' आणि रिकामी असली तर '०'. ट्रान्झिस्टरमध्ये पाण्याऐवजी विद्युत्प्रभार भरला जातो, नळाच्या दाबाऐवजी व्होल्टेज असते (पाठ्यपुस्तकात त्याला विभवांतर म्हणतात) आणि घंटा म्हणजे घड्याळाचा ठोका.

आता घंटा अधिक लवकर वाजू लागली, म्हणजेच वारंवारता वाढवली, तर काय होईल? काही घागरी अर्ध्याच भरतील. अर्धी घागर ही '१' समजायची की '०'? चिप काहीतरी एक ठरवते आणि ते चुकीचे असू शकते. यावर एक उपाय दिसतो. नळाचा दाब वाढवा, घागरी लवकर भरतील. म्हणून वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते. येथपर्यंत सारे सोपे आहे. पण दाब वाढवण्याची किंमत मोजावी लागते आणि ती उष्णतेच्या रूपाने.

उष्णतेचा हिशेब

बारावीच्या पुस्तकात तुम्ही शिकाल, की C धारकतेच्या संधारित्रात V व्होल्टेजला साठलेली ऊर्जा ½CV² असते. तो भरताना तेवढीच ऊर्जा वाटेतल्या रोधात उष्णता होऊन जाते आणि रिकामा होताना साठलेलीही तशीच जाते. म्हणजे एकदा भरून रिकामा केला की CV² एवढी ऊर्जा उष्णतेत गेली. सेकंदाला f वेळा हे घडले तर

शक्ती = C × V² × f

सूत्र छोटे आहे, पण सारे रहस्य त्यातच आहे. त्यात f एकदा येतो आणि V चा वर्ग येतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढवले आणि वारंवारताही १० टक्क्यांनी वाढवली, तर शक्ती १.१ × १.१ × १.१ म्हणजे १.३३ पट होते. वेग १० टक्के वाढला, पण उष्णता ३३ टक्के! उलट वारंवारता तीच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी करता आले तर शक्ती ०.९ × ०.९ म्हणजे ०.८१ पट होते. उष्णता १९ टक्क्यांनी घटते.

ही उष्णता चिपमधून धातूच्या पंखपट्ट्यांकडे आणि तेथून पंख्याच्या वाऱ्याने खोलीत जाते. येथे ओहमच्या नियमासारखाच एक नियम उपयोगी पडतो. चिप आणि खोलीची हवा यांच्या तापमानांतील फरक हा शक्ती आणि 'औष्णिक रोध' यांच्या गुणाकाराएवढा असतो. पंख्याचा वेग तोच ठेवला तर एखाद्या संगणकासाठी हा रोध जवळजवळ स्थिर असतो. म्हणजे चिपचे तापमान खोलीच्या तापमानावर उभे असते. खोली १२ अंशांनी तापली की चिपही १२ अंशांनी तापते.

पण चिपला वाटेल तेवढे तापू दिले जात नाही. ठरावीक मर्यादा येताच ग्राफिक्स कार्ड आपली वारंवारता आणि व्होल्टेज आपणहून उतरवते. ही योजना चिपच्या रक्षणासाठीच असते. खेळ दहा मिनिटांनी का अडखळत होता, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

वेग वाढवण्याची जुनी हौस

ठरलेल्या वेगापेक्षा संगणक अधिक वेगाने पळवण्याच्या प्रकाराला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. ही हौस जुनी आहे. १९९८ मध्ये इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला. संगणकाच्या मुख्य घड्याळाच्या ६६ मेगाहर्ट्झला ४.५ ने गुणून तो ३०० मेगाहर्ट्झवर चाले. हौशी लोकांनी मुख्य घड्याळच १०० मेगाहर्ट्झवर नेले आणि प्रोसेसर ४५० वर धावू लागला. स्वस्त चिपमधून महागड्या चिपचा वेग मिळाला!

त्या काळी असे करायला वाव होता, कारण चिपची उष्णता आजच्या मानाने थोडी होती. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करत गेले आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवत गेले तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. पुढची तीस वर्षे या तत्त्वावर वेग वाढत राहिला. पण २००५ च्या सुमारास ही वाट अडली. व्होल्टेज आणखी उतरवले तर खटके बंद असतानाही त्यांतून वीज झिरपते, असे दिसून आले. इंटेलने २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ काढला; ४ गिगाहर्ट्झचा काढण्याचा बेत मात्र त्याच वर्षी सोडून दिला.

अर्थात विक्रम करणारे थांबले नाहीत. २०११ मध्ये एएमडी कंपनीचा एफएक्स प्रोसेसर द्रवरूप हेलियमने थंड करून ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेण्यात आला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. हेलियमचा उत्कलनबिंदू उणे २६९ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे त्या विक्रमातही कौशल्याचा मोठा भाग उष्णता काढून घेण्यातच होता. आपल्या घरी हेलियम नाही. आपल्याकडे मे महिना आहे!

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

ट्यूनिंगची सॉफ्टवेअर अनेक आहेत. इंटेलच्या प्रोसेसरांसाठी त्या कंपनीचे आणि एएमडीच्या प्रोसेसरांसाठी 'रायझन मास्टर' नावाचे सॉफ्टवेअर मिळते. ग्राफिक्स कार्डासाठी सर्वाधिक परिचित आहे ते 'एमएसआय आफ्टरबर्नर'. ते विनामूल्य आहे आणि इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. अलेक्सी निकोलायचुक या रशियन प्रोग्रामरच्या 'रिव्हाट्यूनर' या जुन्या सॉफ्टवेअरवर ते आधारलेले आहे.

त्याच्या पडद्यावर काही पट्ट्या असतात. 'कोअर क्लॉक' म्हणजे मुख्य चिपची वारंवारता, 'मेमरी क्लॉक' म्हणजे स्मृतीची वारंवारता, 'पॉवर लिमिट' म्हणजे शक्तीची मर्यादा, 'टेम्परेचर लिमिट' म्हणजे तापमानाची मर्यादा आणि 'फॅन स्पीड' म्हणजे पंख्याचा वेग. शेजारी तापमान, वारंवारता, व्होल्टेज आणि वॅट यांचे आलेख सतत उमटत असतात. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग या आलेखांतच आहे. आपल्या प्रयोगशाळेतील तापमापक, व्होल्टमापक आणि शक्तिमापक येथे एका पडद्यावर मिळतात. आमच्या या मित्राने पट्ट्या सरकवल्या, पण आलेखांकडे पाहिलेच नव्हते.

सॉफ्टवेअर चिपमध्ये नवी ताकद भरत नाही. घंटा किती वेळाने वाजावी आणि नळाला दाब किती असावा, एवढेच ते सांगू शकते. आधीच तापलेल्या चिपची घंटा लवकर वाजवली की घागरी अर्ध्या राहणारच.

आम्ही काय केले?

प्रथम सर्व पट्ट्या मूळ जागी आणल्या. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'रिसेट'चे बटण असते. ताईच्या साऱ्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग एक कोरी वही घेऊन तिच्यात पाच स्तंभ आखले: खोलीचे तापमान, चिपचे तापमान, वारंवारता, व्होल्टेज आणि शक्ती. पंख्याचा वेग ७० टक्क्यांवर स्थिर केला. तो बदलत राहिला तर कशामुळे काय झाले हे कळणार कसे? खोलीतील तापमान ३६ अंश होते.

पहिल्या दिवशी खेळ दहा मिनिटे चालवला. चिपचे तापमान ८३ अंशांवर जाऊन थांबले आणि वारंवारता १६९५ मेगाहर्ट्झपर्यंत उतरली. संगणक लाकडी कपाटाच्या कप्प्यात होता आणि त्याच्या जाळीवर धुळीचा थर होता. तो बाहेर काढला, विजेची जोडणी काढून मऊ ब्रशने धूळ झाडली आणि पुन्हा खेळ चालवला. तापमान पुन्हा ८३ अंशच!

"सर, साफसफाईचा काहीच उपयोग झाला नाही," तो म्हणाला.

"शेजारचा स्तंभ पाहा."

वारंवारता या वेळी १७७० होती. कार्ड तापमानाची मर्यादा सांभाळत असते. म्हणून थंडावा सुधारला की तापमान उतरण्याऐवजी वेग वाढतो. एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढला की अशी फसगत होते.

या दोन नोंदी आमचा पाया ठरल्या:

सुरुवातीला, चिप तापण्यापूर्वी: १९०५ मेगाहर्ट्झ, १.०५ व्होल्ट, १७० वॅट.
दहा मिनिटांनंतर, ८३ अंशांवर: १७७० मेगाहर्ट्झ, १.०० व्होल्ट, १४८ वॅट.

यातून औष्णिक रोध काढता येतो. तापमानांतील फरक ८३ उणे ३६, म्हणजे ४७ अंश. त्याला १४८ वॅटनी भागले की सुमारे ०.३२ अंश प्रतिवॅट येतात. आता पूर्ण १७० वॅटला फरक किती? १७० × ०.३२, म्हणजे सुमारे ५४ अंश. हिवाळ्यात खोली २४ अंशांवर असताना चिप ७८ अंशांवर राहील, म्हणजे मर्यादेच्या आत. मे महिन्यात ३६ अधिक ५४, म्हणजे ९० अंश होऊ लागतील, म्हणून कार्ड वेग उतरवते. "हिवाळ्यात चालत होते, उन्हाळ्यातच का अडखळते?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर एका गुणाकारात मिळाले!

वाढत्या अंगाचा सदरा

खोली थंड करणे आमच्या हाती नव्हते. मग व्होल्टेज कमी करता येईल का? तुम्ही म्हणाल, दाब कमी केला तर घागरी अर्ध्या राहतील. शंका अगदी योग्य आहे. पण येथे एक गोम आहे. कारखान्यात लाखो चिप तयार होतात आणि त्या अगदी एकसारख्या नसतात. काहींना कमी व्होल्टेज पुरते, काहींना अधिक लागते. कारखानदार साऱ्यांनाच पुरेल असे व्होल्टेज ठरवतो. आई मुलाचा सदरा वाढत्या अंगाने शिवून घेते ना, तसाच हा सैलपणा असतो. आपल्या वाट्याला आलेल्या चिपसाठी तो किती आहे, हे मात्र मोजूनच पाहावे लागते. व्होल्टेज असे उतरवण्याला 'अंडरव्होल्टिंग' म्हणतात.

आफ्टरबर्नरमध्ये 'कंट्रोल' आणि 'एफ' या कळा एकत्र दाबल्या की एक वक्र उघडतो. आडव्या अक्षावर व्होल्टेज, उभ्या अक्षावर वारंवारता. कोणत्या व्होल्टेजला किती वारंवारता द्यायची हे तो वक्र सांगतो. आम्ही ठरवले, वारंवारता १८०० मेगाहर्ट्झवर कायम ठेवायची आणि तिच्यासाठी दिलेले व्होल्टेज एकेक पायरी उतरवायचे. त्यापुढचा वक्र आडवा केला, म्हणजे चिप १८०० च्या वर जाणार नाही. पहिली पायरी ०.९७५ व्होल्ट, मग ०.९५०, मग ०.९२५, मग ०.९००. प्रत्येक पायरीला पंधरा मिनिटे खेळ, आलेखावर लक्ष आणि वहीत नोंद.

०.९०० व्होल्टची पायरी लावण्यापूर्वी मी त्याला शक्ती किती येईल ते सूत्राने काढायला सांगितले. त्याने आधीच्या १४८ वॅटना ०.९ च्या वर्गाने आणि १८०० भागिले १७७० ने गुणले. उत्तर आले १२२ वॅट. प्रत्यक्ष आलेख सांगत होता १२८.

"सूत्र चुकले, सर!"

सूत्र चुकले नव्हते. पडद्यावरील आकडा हा संपूर्ण कार्डाचा असतो. त्यात पंखे आले, स्मृतीच्या चिप आल्या आणि खटक्यांतून झिरपणारी वीजही आली. मुख्य चिपचे व्होल्टेज बदलल्याने पंखे आणि स्मृती यांचा खर्च काही बदलत नाही आणि झिरपही या सूत्रात बसत नाही. तेव्हा ६ वॅटचा हा फरक आपल्याला काहीतरी शिकवतो आहे, असे समजावे. प्रयोगवहीत असा फरक खोडून उत्तर जुळवून लिहिण्याची खोड आपल्या विद्यार्थ्यांना असते, ती सोडा.

तापमान आले ७७ अंश. १२८ × ०.३२, म्हणजे ४१, अधिक खोलीचे ३६. गणित अगदी बरोबर बसले. आता मर्यादा गाठलीच जात नव्हती, म्हणून वारंवारता १८०० वर अचल राहिली. पूर्वी दहा मिनिटांनी १७७० मिळत होती. व्होल्टेज कमी, वीज २० वॅटनी कमी, तापमान ६ अंशांनी कमी. वेग मात्र ३० मेगाहर्ट्झने जास्त! अडखळणे थांबले. पट्ट्या उजवीकडे सरकवून जे साधले नव्हते, ते व्होल्टेज उतरवून साधले.

एक चूक माझीही

येथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मीच म्हणालो, "आणखी एक पायरी उतरवून पाहू." ०.८७५ व्होल्टला पंधरा मिनिटे काही झाले नाही. मी खूश होऊन वहीत 'स्थिर' असे लिहिले आणि घरी आलो. रात्री दीड तास खेळल्यावर संगणक पुन्हा गोठला. सकाळी तो वही घेऊन दारात उभा! फायलींची प्रत घेतलेली असल्यामुळे नुकसान काही झाले नाही, पण माझा शेरा मला खोडावा लागला.

माझे काय चुकले? घागरी भरण्याचे काम प्रत्येक खेळात आणि प्रत्येक क्षणी सारखे नसते. पंधरा मिनिटांत सर्वांत अवघड क्षण आलाच असेल असे नाही. 'बिघाड दिसला नाही' आणि 'बिघाड नाही' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! आम्ही एक पायरी वर, ०.९०० व्होल्टवर आलो आणि तीन दिवस रोज दोन तास वेगवेगळे खेळ चालवून पाहिले. त्यानंतरच ती मांडणी कायम केली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गोठलेला संगणक निदान 'मी चुकलो' असे सांगतो तरी. ग्राफिक्स कार्डाच्या चुका पडद्यावर ठिपक्यांच्या किंवा चौकटींच्या रूपाने दिसतात. पण प्रोसेसर किंवा मुख्य स्मृती यांत घागर अर्धी राहिली तर संगणक चालूच राहू शकतो आणि कोठेतरी एखादा आकडा गुपचूप बदललेला असतो. ताईच्या आराखड्यात खांबाची जाडी बदलली आणि ते कोणाला कळलेच नाही, तर? म्हणून ज्या संगणकावर कोणाचे काम आहे, त्यावर वेगाच्या आधी अचूकपणा पाहिला पाहिजे.

ही भीती कल्पनेतली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लूव्हेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले, की सॉफ्टवेअरने इंटेल प्रोसेसरचे व्होल्टेज क्षणभर उतरवून त्याला चुकीचे गणित करायला लावता येते आणि त्या चुकांवरून आतल्या गुप्त किल्ल्या शोधून काढता येतात. या हल्ल्याला 'प्लंडरव्होल्ट' असे नाव पडले. त्यानंतर अनेक संगणकांत प्रोसेसरचे व्होल्टेज बदलण्याची सोय कुलूपबंद करण्यात आली. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती पट्टी हलत नसेल तर तिच्या मागे असे कारण असू शकते.

सावधगिरी

हे वाचून उद्याच संगणकाशी खेळायला बसणाऱ्यांसाठी थोडे नियम.

१. संगणक ज्यांच्या पैशाने आला आणि ज्यांचे काम त्यावर आहे, त्यांची परवानगी घ्या. प्रथम फायलींची प्रत घ्या.

२. सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्याच्याच ठिकाणाहून घ्या. आफ्टरबर्नरच्या नावाने बनावट आणि घातक सॉफ्टवेअर दिले जात असल्याचा इशारा कंपनीनेच २०२१ मध्ये दिला होता.

३. व्होल्टेज नेमून दिलेल्यापेक्षा वाढवू नका. जास्त प्रवाह आणि जास्त तापमान यांमुळे इलेक्ट्रॉनांचा लोंढा चिपमधील अतिसूक्ष्म तारांचे अणूच हळूहळू वाहून नेतो आणि तार झिजते. ही झीज भरून येत नाही. व्होल्टेज कमी केल्याने मात्र चिप जळत नाही; फार तर गोठते.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल लिहून ठेवा.

५. संगणक सुरू होताच बदल आपोआप लागू करण्याची सोय असते. मांडणी अनेक दिवस पारखल्याशिवाय ती वापरू नका. नाहीतर चुकीची मांडणी दर वेळी सुरुवातीलाच हजर होईल.

६. धूळ झाडण्यासाठी संगणक उघडायचा तर विजेची जोडणी काढून, मोठ्या माणसासमोर उघडा. विजेच्या पुरवठ्याची धातूची पेटी कधीही उघडू नका. जोडणी काढल्यावरही तिच्यातील संधारित्रांत घातक प्रभार उरलेला असतो.

करून पाहा

तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नसले तरी आमच्या नोंदींवरून पुढील गणिते करता येतील.

एक: कार्डावरील पंखे, स्मृती इत्यादींसाठी सुमारे ३३ वॅट स्थिर लागतात आणि उरलेली शक्तीच CV²f प्रमाणे बदलते असे धरा. १४८ वॅटच्या नोंदीवरून ०.९०० व्होल्ट आणि १८०० मेगाहर्ट्झला किती शक्ती येईल ते पुन्हा काढा. १२८ च्या किती जवळ जाता?

दोन: खोलीचे तापमान ४० अंश झाले तर आमच्या नव्या मांडणीत चिपचे तापमान किती होईल? ८३ अंशांची मर्यादा गाठली जाईल का?

तीन: २० वॅटची बचत, रोज तीन तास खेळ. महिन्याला किती युनिट वीज वाचेल? तुमच्या घरच्या बिलात एका युनिटचा दर पाहून रुपये काढा.

शिक्षकमित्रांनाही एक विनंती आहे. मुले संगणकावर खेळतात, अशी तक्रार आपण नेहमी करतो. त्याच संगणकात संधारित्राची ऊर्जा, ओहमच्या नियमाचे औष्णिक भावंड आणि प्रयोगातील त्रुटी असे तीन पाठ दडलेले आहेत. त्यासाठी प्रयोगशाळेला एक पैसाही खर्च येत नाही.

ताईचा प्रकल्प वेळेवर सादर झाला. संगणक आता कपाटाबाहेर, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. ती पाच स्तंभांची वही त्याच्याजवळच असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धूळ झाडून एक नोंद करायची, असा त्या मुलाचा नियम आहे. परवा तो सांगत होता, की बाहेर पाऊस पडत असताना खोली २८ अंशांवर होती आणि चिप ६९ वर. वही उघडण्याआधीच त्याने तोंडी गणित करून हा आकडा सांगितला होता!